सरासरीची बदनामी

बॅगेचा एकेक किलो काट्यावर मोजून जादा वजनाचे पैसे वसूल करणाऱ्या विमान कंपन्या माणसाला मात्र कधीच तोलत नाहीत. शंभर-दोनशे प्रवाशांचे वजन त्या अंदाजाने धरतात, त्या अंदाजावर विमानाचा वेग आणि इंजिनांचा जोर ठरवतात, आणि एवढ्या अंदाजपंचे कारभारावर सगळ्यांचे प्राण टांगून ठेवतात, असे एक मत सुशिक्षित मध्यमवर्गात चांगलेच रुजले आहे. या मताचे पुरस्कर्ते पुढे विचारतात की, भाजीवालासुद्धा हल्ली इलेक्ट्रॉनिक काटा वापरतो, मग कोट्यवधींच्या विमानाला तो का परवडू नये? विमानाच्या दाराशी एक काटा ठेवावा, प्रत्येकाने त्यावर उभे राहावे, खरा आकडा नोंदवावा, म्हणजे अंदाजाची भानगडच उरणार नाही. मत सोपे आहे आणि ऐकताक्षणी पटते. ते चुकीचे आहे एवढे म्हणून भागत नाही. धोका जिथे नाही तिथे ते बोट दाखवते आणि जिथे आहे तिथून लक्ष उडवते, हा त्याचा खरा दोष आहे.

मुळात मोजायचे काय असते, हे या टीकाकारांपैकी फारच थोड्यांनी पाहिलेले दिसते. उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती जे पत्रक येते त्याला लोडशीट किंवा लोड अँड ट्रिम शीट म्हणतात. त्यात रिकाम्या विमानाचे वजन असते आणि ते ठरावीक वर्षांनी विमान खरोखर काट्यांवर चढवून घेतलेले असते. टाक्यांतल्या इंधनाचे वजन असते आणि ते विमानातल्या मापकांवरून मिळते. पोटातल्या मालाचे वजन असते आणि तो माल तोललेला असतो. प्रवाशांचा आकडा तेवढा प्रमाणित सरासरीवरून काढतात. या सर्वांची बेरीज म्हणजे उड्डाणवजन, आणि त्याच पत्रकात दुसरा आकडा असतो तो गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमानाचे सारे वजन ज्या बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूचा. उड्डाणवजनावरून धावपट्टीवर नाक उचलण्याचा वेग ठरतो, तर गुरुत्वमध्यावरून शेपटीचा आडवा पंख किती कलवून ठेवायचा ते ठरते. अर्थात पत्रकातल्या अनेक रकमांपैकी एकीच्या बाबतीत सरासरी वापरली जाते, आणि सारा गदारोळ तिच्याभोवती आहे.

सरासरी म्हणजे अंदाज आणि अंदाज म्हणजे ढिलाई, हे समीकरण संख्याशास्त्राची पहिली पायरी चढलेल्यानेही मांडू नये. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या समाजाला नमुना निवडीचे तत्त्व नव्याने शिकवावे लागावे, हे जरा नवलच. एका माणसाचे वजन सरासरीपासून बरेच दूर असू शकते हे खरे. परंतु माणसांची संख्या वाढत जाते तसतसे काहींचे जास्त आणि काहींचे कमी एकमेकांना खात जाते, आणि बेरजेतली चूक माणसांच्या संख्येच्या प्रमाणात न वाढता तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हातसामानासह प्रौढ प्रवाशांच्या वजनातला फरक दर्शवणारे प्रमाण विचलन 16 किलो धरले, तर 180 प्रवाशांच्या विमानात एकूण बेरीज वीसपैकी एकोणीस वेळा खऱ्या आकड्यापासून 430 किलोंच्या आत राहते. अशा विमानाचे उड्डाणवजन सत्तर-पंचाहत्तर टन असते. म्हणजे चूक झाली तर अर्ध्या टक्क्याच्या आसपासची. आता हाच हिशेब 19 आसनांच्या छोट्या विमानाला लावला, तर चूक 140 किलोंपर्यंत जाते, पण विमानच पावणेआठ टनांच्या आतले असल्याने ती पावणेदोन टक्क्यांवर पोचते. पाच-सहा आसनांच्या विमानात ती त्याहून कितीतरी जड पडते.

हे टीकाकारांना आज सुचले, नियामकांना कधीच सुचले नव्हते, असे कोणाला वाटत असेल तर त्याने युरोपच्या जुन्या संयुक्त विमानवाहतूक नियमांतील तक्ता पाहावा. मोठ्या विमानात पुरुष प्रवासी 88 किलो आणि स्त्री 70 किलो धरावी, असे त्यात होते. 10 ते 19 आसनांच्या विमानात मात्र तोच पुरुष 92 किलोंचा आणि तीच स्त्री 74 किलोंची होते, 6 ते 9 आसनांत अनुक्रमे 96 आणि 78, आणि पाच किंवा त्याहून कमी आसनांत थेट 104 आणि 86. लहान विमानात चढताच माणूस सोळा किलोंनी जाड होतो, असा याचा अर्थ नव्हे. जिथे माणसे थोडी तिथे सरासरीवर विश्वास कमी, म्हणून तिथे आकडा मुद्दाम चढवून ठेवायचा, हे त्यामागचे तत्त्व. याच आकड्यांत हातसामान आणि मांडीवरचे तान्हे मूलही धरलेले होते. याशिवाय एखाद्या फेरीतले प्रवासी नेहमीपेक्षा उघडच जड असतील, तर प्रत्यक्ष तोलावे किंवा आकड्यात पुरेशी भर घालावी, हेही नियमात लिहिलेले होते. ज्याला अंदाजपंचे म्हणून हिणवले जाते, त्या पद्धतीत स्वतःच्या चुकीचा हिशेब आधीच मांडलेला असतो. काट्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या मांडणीत तसा हिशेब कोणी केल्याचे दिसत नाही.

काटा जिथे हवा तिथे तो आहेच. केदारनाथला हेलिकॉप्टरने जाणाऱ्या भाविकांना काट्यावर उभे करतात, कारण पाच-सहा माणसांच्या यंत्रात आणि डोंगरातल्या विरळ हवेत दोन धिप्पाड माणसांनी हिशेब बिघडतो. 2013 साली सामोआ एअर या छोट्या कंपनीने प्रवाशांच्या वजनावर भाडे आकारायला सुरुवात केली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली आणि ‘बघा, हेच न्याय्य’ असे अनेकांनी म्हटले. परंतु त्या कंपनीची विमाने जेमतेम काही आसनांची होती, हे मात्र चर्चेत कुठल्या कुठे विरून गेले. सहा आसनांचा नियम एकशे ऐंशी आसनांना लावण्याची ही हौस तर्काला धरून नाही.

बॅगेची तक्रार मात्र मजेशीर आहे. ‘बॅग दोन किलो जास्त भरली म्हणून पैसे भरावे लागतात, आणि शेजारचा एकशे दहा किलोंचा गृहस्थ तेवढ्याच तिकिटात बसतो,’ ही तक्रार विमानतळावरच्या रांगेत कोणत्याही दिवशी ऐकू येते, आणि तिचा शेवट हमखास ‘मग सुरक्षिततेचे काय?’ या प्रश्नाने होतो. सुरक्षिततेचे काही नाही. बॅगेच्या मर्यादेचा संबंध मुख्यतः भाड्याच्या दरपत्रकाशी आहे आणि एका बॅगेच्या 32 किलोंच्या कमाल मर्यादेचा संबंध ती बॅग उचलणाऱ्या लोडरच्या कमरेशी आहे. विमानाच्या तोलाशी त्याचे नाते फार दूरचे. दरपत्रक अन्यायाचे वाटत असेल तर ग्राहक म्हणून भांडावे, त्यासाठी पदार्थविज्ञानाला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही. जिथे वजन खरोखर नडते तिथे काय होते, हे लेहला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना ठाऊक असते. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,250 मीटर उंचीवरच्या त्या धावपट्टीवर हवा विरळ असल्याने पंखांना उचल आणि इंजिनांना जोर कमी मिळतो, दिवस तापला की तो आणखी घटतो. म्हणून बहुतेक विमाने सकाळीच सुटतात, काही आसने रिकामी ठेवावी लागतात, कधी बॅगा मागाहून येतात. हा सगळा काटेकोरपणा प्रवाशांच्या सरासरी वजनावरच उभा असतो आणि एकाही प्रवाशाला त्यासाठी काट्यावर चढावे लागत नाही.

तोलाचा प्रश्न वजनाहून वेगळा आहे, आणि काटावाद्यांचा खरा गोंधळ इथेच उघडा पडतो. गुरुत्वमध्य काढताना प्रत्येक वजनाला एका ठरावीक संदर्भरेषेपासूनच्या त्याच्या अंतराने गुणतात, त्या गुणाकारांची बेरीज करतात आणि तिला एकूण वजनाने भागतात. समजा, सत्तर टनांच्या विमानात सरासरीपेक्षा वीस किलो जड असलेला एक प्रवासी समतोलाच्या बिंदूपासून आठ मीटर मागे बसला आहे. त्याच्या त्या वीस किलोंमुळे गुरुत्वमध्य सरकतो तो सव्वादोन मिलिमीटर. अशा विमानात गुरुत्वमध्याला पुढेमागे होण्याची मुभा मीटरभराच्या आसपास असते. आता दुसरे उदाहरण घ्यावे. विमान अर्धे रिकामे आहे आणि पुढच्या रांगांतले चाळीस प्रवासी, प्रत्येकी ऐंशी किलोंचे, उठून पंधरा मीटर मागच्या मोकळ्या आसनांवर पाय पसरून बसले. गुरुत्वमध्य जवळजवळ सत्तर सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे पहिल्या उदाहरणाच्या तीनशे पट. या चाळीस जणांना दाराशी ग्रॅमपर्यंत तोलले असते तरी काय उपयोग झाला असता? माणूस किती किलोंचा आहे यापेक्षा तो कोणत्या रांगेत आहे हे कितीतरी महत्त्वाचे आहे, आणि उड्डाणापूर्वी आसन बदलू नका असे हवाई सेविका सांगते तेव्हा तिच्याकडे त्रासिक चेहऱ्याने पाहणाऱ्यांतच काट्याची मागणी करणारेही असतात.

यावर हुकमाचे पान म्हणून अपघात पुढे केले जातात. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेतील शार्लट येथे एअर मिडवेस्टचे 19 आसनी बीचक्राफ्ट विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि विमानातील सर्व 21 जण मृत्युमुखी पडले. सरासरी वजने धरून विमान कागदावर मर्यादेत होते, प्रत्यक्षात ते मर्यादेपेक्षा अडीचशे किलोंहून जास्त जड होते आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे गेला होता. हे सर्व खरे आहे. परंतु तपासात जे मूळ कारण म्हणून पुढे आले ते असे की, त्याआधीच्या दुरुस्तीत शेपटीच्या नियंत्रक पंखाच्या तारा चुकीच्या जुळवल्या गेल्या होत्या, त्यामुळे नाक खाली आणण्यासाठी वैमानिकांना पुरेशी हालचाल मिळत नव्हती. मागे सरकलेल्या गुरुत्वमध्याने त्या दोषावर कळस चढवला. सरासरीचा दोष होता तो एवढाच की, ती शिळी होती. मधल्या काळात अमेरिकन माणूस जड झाला होता आणि तक्त्यातला माणूस जुन्याच वजनाचा राहिला होता. त्यावर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने काय केले? सगळ्या प्रवाशांसाठी काटे मांडले नाहीत. छोट्या कंपन्यांच्या प्रवाशांची नमुना पाहणी करवली, आकडे वाढवले, 2005 साली उन्हाळ्यासाठी 190 पौंड आणि हिवाळ्यासाठी 195 पौंड असा प्रौढ प्रवासी धरायला सांगितले, आणि 2019 मध्ये ठरीव आकडा देणेच सोडून राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या ताज्या माहितीशी सरासरी जोडून टाकली. आजारावर जे औषध योग्य होते तेच दिले गेले. ते औषध सरासरी ताजी ठेवण्याचे होते, ती रद्द करण्याचे नव्हते.

डिसेंबर 1985 मध्ये कॅनडातील गँडर येथे अ‍ॅरो एअरचे विमान पडून 248 अमेरिकन सैनिक आणि 8 कर्मचारी ठार झाले, त्याही अपघाताचे नाव घेतले जाते. तिथे पंखांवरचा बर्फ हे संभाव्य कारण असल्याचे तपास मंडळाच्या बहुमताने म्हटले आणि अल्पमताने ते नाकारले; वजनाबाबत मात्र एवढे नक्की की, साधनसामग्रीनिशी निघालेल्या धडधाकट सैनिकांना लावलेला सरासरी आकडा त्यांच्या प्रत्यक्ष वजनापेक्षा बराच कमी होता. चुकीच्या गटाला चुकीची सरासरी लावली तर उत्तर चुकणारच. यातून सरासरीची पद्धत खोटी ठरते असे मानणे म्हणजे बाराच्या पाढ्यात कोणी चुकले म्हणून गुणाकारच बाद करण्यासारखे आहे.

गंमत अशी की, काटावाद्यांना आपला विजय झाल्याचे वाटले तेही सरासरीच्याच कामामुळे. 2023 साली एअर न्यूझीलंडने ऑकलंडहून आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेल्या दहा हजारांवर प्रवाशांना स्वेच्छेने वजन करून देण्याचे आवाहन केले, 2024 च्या फेब्रुवारीत फिनएअरने हेलसिंकीत तेच केले, आणि ‘विमानात चढण्याआधी आता वजनकाटा’ अशा अर्थाच्या बातम्या झाल्या. प्रत्यक्षात ही वजने नावाशिवाय नोंदली गेली, काट्यावरचा आकडा दर्शनी ठेवला गेला नाही, आणि सारा खटाटोप कशासाठी, तर पुढच्या काही वर्षांसाठी नवी सरासरी काढण्यासाठी. ज्या पद्धतीला मूठमाती मिळाल्याच्या आनंदात लोक होते, तिचीच ही डागडुजी होती.

खरा धोका कुठे आहे, हे पाहायचे तर जुलै 2020 मधील बर्मिंगहॅमची घटना उपयोगी पडते. टुई कंपनीच्या माजोर्काला जाणाऱ्या बोइंग 737 विमानात आरक्षणाच्या संगणकप्रणालीत बदल झाल्यानंतर ‘मिस’ हे संबोधन लावलेल्या प्रौढ स्त्रियांची गणना मुलांत झाली, कारण प्रणाली जिथे लिहिली गेली तिथे ते संबोधन लहान मुलींसाठी होते. 69 किलोंऐवजी 35 किलो, असे 38 वेळा. आणि लोडशीट प्रत्यक्षापेक्षा 1,244 किलोंनी हलके झाले. सरासरी दोन्ही जागी बरोबर होती, माणसे चुकीच्या रकान्यात पडली होती. काट्यावरचा आकडासुद्धा याच संगणकातून, याच रकान्यांतून जाणार असतो, हे कोणी लक्षात घेत नाही. दुसरी गोष्ट अशी की, एवढी चूक होऊनही उड्डाणासाठी इंजिनांचा जो जोर हवा होता तो 88.3 टक्के होता आणि वापरलेला जोर 88.2 टक्के. विमान सुखरूप गेले. सर्व इंजिने चालू असतानाही उड्डाणाला लागणाऱ्या अंतरात पंधरा टक्के भर घालावी लागते, प्रमाणित मर्यादांच्या आत कंपन्या गुरुत्वमध्यासाठी आणखी अरुंद मर्यादा आखून घेतात. प्रवाशांच्या वजनातले चढउतार अशा मोकळिकीच्या पोटात सामावून जातात.

या मोकळिकीच्या पलीकडे जाणाऱ्या चुका कशा असतात, ते 20 मार्च 2009 रोजी मेलबर्नला दिसले. दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए-340 विमानात 257 प्रवासी आणि 18 कर्मचारी होते. उड्डाणवजनाचा आकडा हाती बरोबर होता. शेवटच्या क्षणीच्या किरकोळ बदलांसाठी वैमानिकांनी त्यात एक टन वाढवून 362.9 टन धरले होते. गणन करणाऱ्या लॅपटॉपमध्ये मात्र 262.9 भरले गेले. तिनाच्या जागी दोन, एक कळ, शंभर टन. संगणकाने शंभर टनांनी हलक्या विमानाला शोभेल असा वेग आणि जोर काढून दिला, विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपून पुढची साधने त्याने मोडली, आणि कसेबसे उड्डाण करून ते परत उतरले. त्याच महिन्यात, सहा वर्षे आधी, सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग 747 च्या बाबतीत ऑकलंडला अशीच शंभर टनांची चूक होऊन शेपटी घासली होती. मेलबर्नला शेवटच्या क्षणीच्या बदलांसाठी वाढवलेला एक टन अगदी चोख होता. निसटले ते शंभर. दाराशी काटा ठेवून या दोन विमानांतल्या एकेका प्रवाशाला तोलले असते, तर निष्पन्न काय झाले असते? तोच आकडा थोड्या जास्त अचूकतेने हाती आला असता आणि तितक्याच सहजतेने चुकीचा टंकला गेला असता.

वजनकाट्याचा आग्रह निरुपद्रवी आहे, केला तर बिघडले कुठे, असा शेवटचा बचाव उरतो. बिघडते. प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी 180 जणांना अर्धा तास लागतो. वजन करून झाल्यावर प्रवासी पाण्याची बाटली आणि ड्यूटी फ्रीची पिशवी घेऊन चढतो. चारचौघांत वजन उघड होण्याचा अपमान ज्यांच्या वाट्याला येईल त्यांच्याविषयी काही बोलायलाच नको. या सगळ्याच्या मोबदल्यात सत्तर टनांच्या विमानात अर्ध्या टक्क्याची अनिश्चितता जाते, जी गृहीत धरूनच विमान बांधलेले आणि उडवलेले असते. आणि सुरक्षिततेवरचा लोकांचा जो काही रोष, जी काही जागरूकता असते, ती सारी त्या काट्यावर खर्ची पडते.

ज्यांना विमानाच्या वजनाची खरोखर चिंता आहे त्यांनी काट्याची मागणी सोडावी आणि नियामकांना व विमान कंपन्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत: आज वापरात असलेली सरासरी कोणत्या वर्षीच्या पाहणीवर आधारलेली आहे, त्या पाहणीत आपल्या प्रवाशांचे हातसामान धरले होते की नाही, आणि लोडशीटवरचा आकडा विमानाच्या संगणकात भरला गेल्यावर तो दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पडताळतो की पहिल्याच्या शब्दावर मान डोलावतो.